बिस्मथची चकाकी कोणाची?

पाठ्यपुस्तकात मूलद्रव्यांचे तीन ढीग केलेले असतात: धातू, अधातू आणि धातुसदृश. धातूंच्या ढिगाला गुणांची यादी चिकटवलेली असते. धातू चकाकतात, वीज वाहून नेतात, ठोकले की पत्रा होतो, ओढले की तार निघते. वरच्या वर्गात गेल्यावर या यादीचे कारणही कळते. धातूमध्ये अणूंना न बांधलेले, मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. वीज तेच नेतात आणि अंगावर पडलेला प्रकाशही तेच परत फेकतात. एका कारणात इतकी उत्तरे मिळाल्यामुळे शिकवणारा आणि शिकणारा दोघेही सुखावतात.

मग केव्हातरी अणुक्रमांक ८३ चे बिस्मथ पुढ्यात येते. हा धातू किंचित गुलाबी झाक असलेला आणि चांगला चकचकीत आहे. त्यावर हातोडी मारली तर मात्र पत्रा होत नाही, तुकडे होतात. वीज नेतो, पण तांब्याच्या सुमारे सत्तरपट विरोध करतो. वितळल्यावर गोठताना आकसत नाही, बर्फासारखा फुगतो. चुंबकाजवळ नेला तर दूर सरतो. पाठ्यपुस्तक त्याला धातूंच्या ढिगात टाकते आणि पुढे जाते. त्याचे वरच्या घरातले शेजारी अँटिमनी आणि आर्सेनिक मात्र धातुसदृशांच्या ढिगात जातात. भौतिकीवाले या तिघांना आणि त्यांच्या जोडीला पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटला एकाच नावाने ओळखतात: अर्धधातू. हा चौथा ढीग शाळेत येत नाही. विद्यार्थ्याने ‘बिस्मथ का चकाकतो?’ असे विचारले आणि आपण ‘मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे’ असे उत्तर दिले, तर ते उत्तर चुकीचे ठरते. ते चुकीचे आहे हे समजायला अवरक्त किरणांची मदत लागली, आणि त्या मदतीचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे.

गंमत अशी की आधी बिस्मथने अवरक्त किरणांना मदत केली आणि पुढे त्या किरणांनी बिस्मथचे आतले गुपित सांगितले.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथेही पारा चढला. हा प्रयोग आपल्याकडे सहज होतो. सोलापूर जिल्ह्यातले वेळापूर घ्या की मराठवाड्यातले एखादे गाव घ्या, एप्रिलमधल्या उन्हाची वाण कुठेच नाही. काचेचा लोलक, एक खोके आणि फुगे काळे केलेले तीन तापमापी पुरतात. पण हा प्रयोग करून पाहिलेल्यांना त्यातली अडचणही ठाऊक असेल. तापमापी सुस्त असतो. अंशा-दोन अंशांचा फरक दिसायला मिनिटे जातात, तोवर सूर्य सरकतो आणि पट्टाही सरकतो. अवरक्त किरणांचा नीट अभ्यास करायचा तर अधिक चपळ साधन हवे होते.

ते बिस्मथने दिले. १८२१ मध्ये टॉमस झेबेक यांनी बिस्मथ आणि तांबे यांच्या पट्ट्या जोडून एक कडे केले, त्याचा एक सांधा तापवला आणि जवळच्या होकायंत्राची सुई वळलेली पाहिली. झेबेक यांना वाटले की उष्णतेने चुंबकत्व निर्माण झाले. प्रत्यक्षात कड्यातून वीज वाहत होती आणि सुई त्या विजेमुळे वळत होती. हा अर्थ लावला तो ओर्स्टेड यांनी. या कामात बिस्मथ आणि अँटिमनी ही जोडी फार सरस ठरली. दोन सांध्यांच्या तापमानात एका अंशाचा फरक असला तर ती सुमारे १०० मायक्रोव्होल्ट देते. कारण दोघांचा परिणाम उलट दिशेचा आहे, त्यामुळे तो बेरजेत पडतो. तो उलट का, याचे उत्तर मिळायला मात्र आणखी शंभर वर्षे जायची होती.

इटलीत लिओपोल्दो नोबिली यांनी असे अनेक सांधे एकामागे एक जोडून त्यांची चळत केली आणि मचेदोनिओ मेल्लोनी यांनी ती १८३१ च्या सुमारास परिपूर्ण केली. मेल्लोनी पार्मा येथे प्राध्यापक होते. त्या वर्षांतल्या राजकीय उठावांना अनुकूल भूमिका घेतल्यामुळे त्यांना देश सोडून फ्रान्सला जावे लागले, आणि त्यांचे उत्तम काम या परागंदा अवस्थेतच झाले. त्यांच्या चळतीला काही मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊब कळत असे. १८४६ मध्ये त्यांनी मोठे भिंग वापरून चंद्रप्रकाशातली उष्णताही नोंदवली. शिक्षकांच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक शोध महत्त्वाचा. काच आपल्याला पारदर्शक दिसते, पण गरम वस्तूतून निघणाऱ्या लांब तरंगलांबीच्या किरणांना ती अडवते. खाणीतल्या मिठाचा स्वच्छ स्फटिक मात्र त्यांना जाऊ देतो. यानंतर शंभराहून अधिक वर्षे अवरक्ताच्या प्रयोगशाळांत मिठाचे लोलक आणि मिठाच्या खिडक्या वापरात राहिल्या. दमट हवेत त्या विरघळू नयेत म्हणून जिवापाड जपाव्या लागत, ही त्यातली रोजची कटकट.

म्हणजे अवरक्ताचा अभ्यास ज्या उपकरणाने उभा राहिला, त्याचा अर्धा भाग बिस्मथचा होता. बिस्मथ असा का वागतो हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. तो चुंबकापासून दूर सरतो हे ब्रुगमन्स यांनी १७७८ मध्येच पाहिले होते. १८४५ मध्ये फॅरडे यांनी त्या वागणुकीला प्रतिचुंबकत्व म्हणून वेगळी जागा दिली. नोंदी वाढत गेल्या, पण त्यांना जोडणारा धागा सापडला नाही.

धागा मिळण्याची शक्यता १८९७ नंतर निर्माण झाली. त्या वर्षी जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला आणि १९०० मध्ये पाउल ड्रूड यांनी धातूंची कल्पना मांडली: धातू म्हणजे स्थिर अणू आणि त्यांच्यामधून वायूच्या कणांसारखे सैरावैरा धावणारे इलेक्ट्रॉन. आज आपण वर्गात सांगतो ते चित्र हेच. १९०३ मध्ये बर्लिनमध्ये हागेन आणि रुबेन्स यांनी दूरच्या अवरक्तात धातूंचे परावर्तन मोजले, आणि ते धातूच्या विद्युतरोधावरून आधीच सांगता येते असे दाखवले. वीज आणि चकाकी यांचे मूळ एकच, हे मापनाने सिद्ध झाले. ड्रूड यांच्या चित्राला एवढा भक्कम आधार दुसरा मिळाला नसता.

हे चित्र प्रकाशाबद्दल काय सांगते ते जरा सविस्तर पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला सावकाश झोके दिले तर झोपाळा हाताबरोबर हलतो. हात फार भराभर हलवला तर झोपाळ्याला तो समजतच नाही, तो जागच्या जागी थरथरतो. धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जमावालाही असा स्वतःचा एक ताल असतो. जमाव एका बाजूला सरकला की मागे धन प्रभार उघडा पडतो, तो जमावाला परत खेचतो, जमाव पुढे निघून जातो, पुन्हा खेचला जातो. या तालाला प्लाझ्मा वारंवारता म्हणतात. प्रकाशाचा ताल याहून संथ असेल तर इलेक्ट्रॉन त्याच्याबरोबर हलतात, आतले विद्युतक्षेत्र पुसून टाकतात आणि लाट परत फिरते. प्रकाशाचा ताल याहून जलद असेल तर इलेक्ट्रॉनांना तो गाठता येत नाही आणि लाट आत शिरते. थोडक्यात, प्रत्येक धातूला एक कडा आहे. तिच्याहून लांब तरंगलांबीला तो आरसा असतो, तिच्याहून आखूड तरंगलांबीला तो आरसा राहत नाही.

ही कडा कुठे पडेल हे जमावाच्या दाटीवर ठरते. गणित फळ्यावर करण्याइतके सोपे आहे. एका घन सेंटीमीटरमध्ये जितके मुक्त इलेक्ट्रॉन असतील त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याने ३,३४० कोटींना भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोडियमच्या घन सेंटीमीटरमध्ये २५ वर २१ शून्ये इतके मुक्त इलेक्ट्रॉन आहेत. वर्गमूळ सुमारे १५,८०० कोटी, आणि भागाकार ०.२१ मायक्रॉन. दृश्य प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. म्हणजे सोडियमची कडा अतिनीलात आहे आणि सगळा दृश्य प्रकाश त्याच्या आरशाच्या बाजूला पडतो. सोडियम कापल्यावर चांदीसारखा का दिसतो याचे हे उत्तर. १९३३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुड यांनी सोडियमसारख्या अल्क धातूंचे पातळ थर अतिनील प्रकाशात खरोखरच पारदर्शक होतात हे दाखवले. कागदावरची कडा प्रयोगात सापडली.

आता हेच गणित बिस्मथला लावू. पण त्यासाठी त्याच्यात मुक्त इलेक्ट्रॉन किती हे माहीत हवे, आणि इथेच ड्रूड यांच्या चित्राची पंचाईत झाली. दर अणूमागे एक-दोन इलेक्ट्रॉन मोकळे, असे धरले तर बिस्मथच्या बाबतीत काहीच जुळत नाही. हागेन आणि रुबेन्स यांचा नियमही त्याला त्याच तरंगलांब्यांवर नीट लागू पडत नाही.

उत्तराची दिशा दाखवली ती चुंबकाने आणि थंडीने. केंब्रिजमध्ये पीटर कापित्झा यांनी १९२८ च्या सुमारास क्षणभरच टिकणारी अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्रे निर्माण केली, आणि त्यांत बिस्मथचा विद्युतरोध कितीतरी पटींनी वाढतो असे आढळले. १९३० मध्ये हॉलंडमधल्या लायडेन येथे द्रव हायड्रोजन आणि द्रव हेलियमच्या थंडीत आणखी विलक्षण गोष्टी दिसल्या. श्युब्निकोव्ह आणि द हास यांना दिसले की क्षेत्र वाढवत नेले तर बिस्मथचा रोध एकसारखा वाढत नाही, तो लाटांसारखा वरखाली होतो. त्याच वर्षी द हास आणि फान आल्फेन यांना बिस्मथच्या चुंबकत्वातही अशाच लाटा दिसल्या. आज कोणत्याही धातूतल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद करायला या लाटा वापरतात. पण त्या पहिल्यांदा दिसल्या त्या बिस्मथमध्येच, आणि त्याला कारण आहे. त्याचे शुद्ध, एकसंध स्फटिक सहज वाढतात, त्याचे इलेक्ट्रॉन मोजके आहेत आणि ते फार हलके वागतात. बिस्मथच्या काही दिशांना इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या शतांशाहूनही कमी भरते. इलेक्ट्रॉन खरोखर हलका होत नाही. स्फटिकातल्या अणूंच्या रचनेतून जाताना तो ढकलल्यावर तसा प्रतिसाद देतो.

या लाटांवरून मोजणी झाली तेव्हा आकडा आला तो असा: अतिथंड बिस्मथच्या घन सेंटीमीटरमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन ३ वर १७ शून्ये, आणि अणू २८ वर २१ शून्ये. म्हणजे जवळजवळ लाखभर अणूंमागे एक इलेक्ट्रॉन! खोलीच्या तापमानाला ही संख्या सुमारे दहापट होते, तरीही ती धातूच्या मानाने नगण्यच. एवढ्या थोड्या वाहकांवर तांब्याच्या सत्तरपटच विरोध होतो, यावरून ते किती चपळ असतील याची कल्पना येते.

इतके थोडे, पण शून्य नाही, हे कसे? १९३४ मध्ये हॅरी जोन्स यांनी दिलेले स्पष्टीकरण आम्ही दोन हौदांच्या भाषेत सांगतो. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जापट्टांतच राहता येते. पहिला हौद बिस्मथच्या पाचही संयुजा इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरेल असा आहे. त्याच्या शेजारी दुसरा, रिकामा हौद. दुसऱ्याचा तळ पहिल्याच्या काठाहून उंच असेल तर त्यात पाणी जाणार नाही. तो झाला निरोधक, आणि उंचीतला फरक थोडाच असेल तर अर्धवाहक. बिस्मथमध्ये दुसऱ्या हौदाचा तळ पहिल्याच्या काठाहून जेमतेम बोटभर खाली आहे. त्यामुळे पहिल्यातले थोडेसे पाणी दुसऱ्यात उतरते. जितके पाणी दुसऱ्यात गेले, तितकीच जागा पहिल्यात मोकळी झाली. ही मोकळी जागा म्हणजे पोकळी. तीही वीज नेते, पण धन प्रभारासारखी वागून. अर्धधातूत इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या समसमान असतात.

माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी तिथे मुक्कामाला असते, त्यामुळे अनेक वाचकांनी ते पाहिलेही असेल. अर्धधातू हे नाव ऐकल्यावर आम्हांला त्या देवाचे नाव आठवते, आणि ते उगीच नाही. ‘अर्धधातू’ म्हणजे अर्धा धातू आणि अर्धा अधातू अशी खिचडी, असा समज मुले करून घेतात. खरे तर त्यात दोन पूर्ण, परस्परविरुद्ध गट एकाच स्फटिकात नांदतात आणि दोघांची संख्या बरोबरीची असते. झेबेक यांचे कोडेही इथेच सुटते. बिस्मथमध्ये चपळ इलेक्ट्रॉन वरचढ ठरतात, तर अँटिमनीत पोकळ्या. म्हणून तापलेल्या सांध्यावर दोघांचा परिणाम उलट दिशेचा.

आता राहिलेला भागाकार करू. ३ वर १७ शून्ये, वर्गमूळ सुमारे ५५ कोटी, उत्तर ६१ मायक्रॉन. ही कडा दृश्य प्रकाशापासून शंभरपट लांब, दूरच्या अवरक्तात आहे. म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तालाशी बिस्मथच्या मुक्त इलेक्ट्रॉनांचा काही संबंधच नाही, तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तरीही बिस्मथ चकाकतो! मग ती चकाकी कोणाची? ती बांधलेल्या इलेक्ट्रॉनांची. बिस्मथमधले बांधलेले इलेक्ट्रॉन फार लवचिक आहेत. प्रकाशाच्या क्षेत्राने ते इतके ताणले जातात की अवरक्तात बिस्मथचा अपवर्तनांक दहाच्या घरात जातो. काचेचा दीड आणि हिऱ्याचा अडीचच्या आत असतो हे लक्षात घेतले की याचा अर्थ कळेल. काचेच्या पृष्ठभागावरून शेकडा चार भाग प्रकाश परत येतो, हिऱ्यावरून सतरा, तर दहा अपवर्तनांकाच्या पदार्थावरून सदुसष्ट. दृश्य प्रकाशात हिशेब थोडा गुंतागुंतीचा होतो, कारण शोषणही असते; पण श्रेय बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचेच. आरसा खराच आहे, फक्त तो ड्रूड यांचा नाही.

चौकस विद्यार्थी इथे एक प्रश्न विचारील. सोप्या सूत्रात इलेक्ट्रॉनचे नेहमीचे वस्तुमान आणि निर्वात जागा धरली आहे. बिस्मथमध्ये तर वस्तुमान शंभरपट कमी आणि बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचे आवरण शंभरपट दाट, मग ६१ मायक्रॉन बरोबर कसे? हलकेपणामुळे ताल जलद होतो, आवरणामुळे तो मंद होतो, आणि बिस्मथमध्ये योगायोगाने हे दोन्ही परिणाम एकमेकांना जवळपास खोडतात. असा योगायोग दुसरीकडे मिळेलच असे नाही, म्हणून सूत्र इतर अर्धधातूंना डोळे झाकून लावू नये.

ही कडा प्रत्यक्ष पाहिली गेली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. विलार्ड बॉइल, ब्रेल्सफर्ड आणि गॉल्ट यांनी १९५८ मध्ये आणि पुढे बॉइल व ब्रेल्सफर्ड यांनी १९६० मध्ये अतिथंड बिस्मथवर दूरच्या अवरक्ताचे किरण टाकून त्याचा प्रतिसाद मोजला. चुंबकीय क्षेत्र लावल्यावर काय होते हेही त्यांनी तपासले. मोकळा इलेक्ट्रॉन १ टेस्ला क्षेत्रात ज्या तालाने घिरट्या घालतो त्याची तरंगलांबी सुमारे एक सेंटीमीटर असते. वस्तुमान शतांश झाले की ती मिलिमीटरच्या दशांशावर येते, म्हणजे नेमकी अवरक्तात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची संख्या, त्यांचा हलकेपणा आणि बांधलेल्यांचे आवरण, तिन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या प्रयोगात हाती आल्या. याच बॉइल यांनी १९६९ मध्ये जॉर्ज स्मिथ यांच्याबरोबर सी.सी.डी. हा प्रकाश टिपणारा घटक कल्पिला आणि २००९ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. कॅमेऱ्यामागचे हे नाव सर्वांना माहीत झाले, बिस्मथचे काम मात्र जाणकारांपुरतेच राहिले.

ग्रॅफाइटची कथा अधिक नाट्यमय आहे आणि तिचा एक आरंभ आपल्या देशात आहे. रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन १९३३ पासून कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होते. त्यांनी एन. गांगुली यांच्यासह ग्रॅफाइटच्या एकसंध स्फटिकांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये त्यांनी दाखवले की ग्रॅफाइटच्या थरांच्या प्रतलात वीज जितकी सहज वाहते, त्याच्या हजारो पट अडथळा ती थरांना लंब दिशेने जाताना सोसते. १९४१ मध्ये त्यांनी ग्रॅफाइटच्या प्रतिचुंबकत्वाचा अर्थ त्यातल्या मुक्त इलेक्ट्रॉनांवरून लावला. हे इलेक्ट्रॉन थरांतच वावरतात, जणू सपाट जगातला वायू. एका थराचा सिद्धांत फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्ये मांडला आणि प्रत्यक्ष सुटा थर गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये वेगळा केला, हे ध्यानात घेतले की कलकत्त्यातल्या त्या कामाची दूरदृष्टी कळते. त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते.

वॉलेस यांच्यानंतर १९५० च्या दशकात ग्रॅफाइटच्या ऊर्जापट्टांचा तपशीलवार नकाशा तयार झाला. त्यात इलेक्ट्रॉनांची वस्ती एका ठिकाणी आणि पोकळ्यांची दुसऱ्या ठिकाणी दाखवलेली होती. पुढची सारी मापने या नकाशावर बसवली जात होती. मिल्ड्रेड ड्रेसलहाउस १९६० मध्ये अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तिथल्या गटात चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या स्फटिकावरून अवरक्त किरणांचे परावर्तन मोजण्याचे तंत्र विकसित झाले होते आणि बिस्मथवर त्याचा उत्तम वापर झाला होता. बहुतेक जण सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांच्या मागे असताना त्यांनी कार्बनला हात घातला. चार लहान मुले सांभाळत, फारशी स्पर्धा नसलेल्या विषयात त्यांनी हे काम चालवले.

या तंत्रात एक उणीव होती. साध्या प्रकाशाला इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांच्यातला फरक कळत नाही. मात्र चुंबकीय क्षेत्रात दोघे उलट दिशांनी घिरट्या घालतात. त्यामुळे प्रकाशाचे क्षेत्रही गोल फिरणारे असेल, म्हणजे प्रकाश वर्तुळ ध्रुवित असेल, तर उजवीकडे फिरणारा प्रकाश एकाशी जुळतो आणि डावीकडे फिरणारा दुसऱ्याशी. लेसर हाती आल्यावर असा प्रयोग शक्य झाला. ड्रेसलहाउस, त्यांचे विद्यार्थी पॉल श्रोडर आणि वायू-लेसरचे जनक अली जावान यांनी तो ग्रॅफाइटवर केला, आणि निकाल उलटा आला. ज्या वस्तीला सगळे इलेक्ट्रॉनांची समजत होते ती पोकळ्यांची निघाली आणि पोकळ्यांची म्हटलेली इलेक्ट्रॉनांची. १९६८ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

यात काय पणाला लागले होते ते पाहा. आधीची मापने चुकलेली नव्हती. आकडे बरोबर होते, वक्र बरोबर होते. त्यांच्यावर लावलेल्या चिठ्ठ्या मात्र अदलाबदल झालेल्या होत्या, आणि सगळे त्याच चिठ्ठ्या वाचून पुढचा अर्थ लावत असल्यामुळे कोणाला शंका आली नव्हती. मान्यवरांनी मान्य केलेल्या नकाशाविरुद्ध एका विद्यार्थ्याचे मापन उभे करायचे, तर ते किती वेळा पडताळावे लागले असेल! ड्रेसलहाउस यांना पुढे कार्बनच्या राज्यात मोठी मान्यता मिळाली, २०१२ मध्ये कावली पारितोषिकही मिळाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुन्हा बिस्मथकडे येऊ, आणि या खेपेला मुंबईत. अर्धधातूत वाहक इतके थोडे, मग तो अतिवाहक होईल का, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर त्याचा विरोध अजिबात नाहीसा होईल का, हा जुना प्रश्न. अणूंची शिस्त नसलेला, अस्ताव्यस्त गोठवलेला बिस्मथ ६ केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक होतो हे १९५० च्या दशकापासून माहीत होते. पण शिस्तबद्ध स्फटिक केल्व्हिनच्या शतांशापर्यंत थंड करूनही दाद देत नव्हता. नेहमीच्या सिद्धांताप्रमाणे इतक्या विरळ वस्तीत अतिवाहकता मोजता येण्याजोगी नसावी.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी अतिशुद्ध बिस्मथचा एकसंध स्फटिक घेतला आणि तांब्याच्या अणुकेंद्रकांचे चुंबकत्व वापरून थंडी निर्माण करणाऱ्या शीतकात तो उतरवला. ०.५३ मिलिकेल्व्हिनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागावर, स्फटिकाने चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलले. अतिवाहकतेची ही निःसंदिग्ध खूण. निबंध डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केला.

या निकालाने सिद्धांताची अडचण उघड केली. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांच्या ऊर्जेपेक्षा शेकडो पट मोठी आहे, असे गृहीत धरलेले असते. इलेक्ट्रॉन वेगवान आणि अणूंचा सांगाडा सुस्त, म्हणून दोघांचा हिशेब सुटा मांडता येतो. तांब्या-शिशाला हे लागू पडते. बिस्मथच्या दुसऱ्या हौदात मात्र पाणी बोटभरच आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि सांगाड्याच्या कंपनांची ऊर्जा जवळपास एकाच मापाच्या आहेत. त्यामुळे हा सिद्धांत इथे जसाच्या तसा वापरता येत नाही, असे मुंबईच्या गटाने मांडले.

त्या प्रयोगातला एक तपशील तापमानाच्या आकड्याइतकाच बोलका आहे. ही अतिवाहकता ५.२ मायक्रोटेस्ला क्षेत्रात मोडते. मुंबईत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र याच्या सुमारे आठपट आहे. होकायंत्राची सुई जेमतेम वळवणारे हे क्षेत्र बिस्मथला सोसत नाही, म्हणून मापनापूर्वी स्फटिकाभोवती चुंबकीय कवच उभारून पृथ्वीलाच दूर ठेवावे लागले.